फोन रायसिंगचा, फोटो कोणाचा

नंदुरबार

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, एक छायाचित्र नेमके कोणत्या यंत्राने काढले हे ठरवण्यासाठी मी नंदुरबार जिल्ह्यात गेले. ते छायाचित्र आमच्या वर्तमानपत्राच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापले गेले होते. खाली नाव होते माझा सहकारी दिगंबर पाटकर याचे. अंक बाजारात आल्यावर धडगावच्या वरच्या एका पाड्यावरून कार्यालयात फोन आला. बोलणाऱ्याने रायसिंग पावरा असे नाव सांगितले आणि फोटो माझ्या मोबाइलमधला आहे, असे कळवले. छायाचित्रातला माणूस तो स्वतःच होता. ज्याचा फोटो आहे तोच फोटो काढल्याचे सांगतो आहे, यावर कार्यालयात थोडा वेळ हसणे झाले आणि विषय मागे पडला. पुढे ते छायाचित्र एका राज्यस्तरीय पुरस्काराच्या शेवटच्या यादीत आले. समितीने पडताळणी मागितली आणि विषय माझ्याकडे आला.

छायाचित्र असे. सातपुड्यातल्या होळीत नवसाने नाचणारा एक बुध्या जमिनीवर बसला आहे. उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळक्या दुधीभोपळ्यांची माळ, शेजारी मोरपिसांचा टोप अजून डोक्यावर न चढवलेला. तो थेट आपल्याकडे पाहतो आहे. ओठ मिटलेले आहेत, पण हसू डोळ्यांत आले आहे. मी त्या भागातल्या सहा होळ्यांना गेले आहे. माझ्या छायाचित्रांतले बुध्ये नाचतात, चालतात, आगीकडे पाहतात. माझ्याकडे त्यांतला एकही पाहत नाही. दिगंबर एकाच होळीला गेला आणि हे घेऊन आला.

ते छायाचित्र त्याचे नसावे, अशी माझी इच्छा होती. पडताळणी करणाऱ्याला काय हवे होते हे वाचकाला ठाऊक असावे, म्हणून ते येथे लिहिते.

निघण्यापूर्वी दिगंबरने आपला कॅमेरा आणि मोबाइल तपासणीसाठी न कुरकुरता माझ्या टेबलावर आणून ठेवले. त्या होळीत त्याने दोन्ही वापरले होते. “कोऱ्या भिंतीचेच फोटो काढायचेत ना?” तो म्हणाला. “ते तुला माझ्यापेक्षा चांगले जमतील.”

नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडावी लागते. पुलावरून पाणी रुंद आणि थांबलेले दिसत होते. पुढे दोन्ही बाजूंना केळी, पपई आणि उसाची शेते. नाशिककडे आम्ही द्राक्षबागांना जसे कागद आणि जाळ्या घालतो तसे येथे पपईच्या फळांना उन्हापासून वाचवायला गोणपाट बांधतात. शहाद्याच्या बसस्थानकाबाहेर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. ठेचा मागावा लागला नाही, तो आधीच ताटात होता.

म्हसावद

रायसिंगने फोनवर सांगितले होते की मोबाइल भरल्यामुळे मूळ फोटो त्याने पुसला. घरी फक्त कागदावरची प्रत होती, म्हसावदला छापून घेतलेली. म्हणून आधी म्हसावदच्या त्या स्टुडिओत गेले. मालकाचे नाव सुभाष. लग्नाचे अल्बम, ओळखपत्रांचे फोटो आणि बिघडलेल्या कार्डांतून फोटो परत मिळवून देणे, ही तीन कामे तो करतो.

मी वर्तमानपत्राचे नाव सांगताच त्याने दाराकडे पाहिले.

“दिगंबरभाऊ नही उनात का?”

नाही आले, असे सांगितल्यावर चहा आला. बिनसाखरेचा होता. मी साखर मागितली तेव्हा सुभाषला आश्चर्य वाटले. “त्यासले बिगर साखरना लागस,” तो म्हणाला. “तुम्ही त्यासनाच हापीसना ना, मंग मी तसाच सांगा.” त्याच्या बायकोने आतून विचारले की दिगंबरभाऊंच्या आईचा गुडघा आता कसा आहे. दिगंबर माझ्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षे बसतो. त्याच्या आईच्या गुडघ्याचे मला येथे कळले.

कामाची गोष्ट सुरू झाल्यावर सुभाष सावध झाला. त्याने जे सांगितले ते असे. त्या होळीच्या दुसऱ्या दिवशी दिगंबरचे कार्ड आणि मोबाइलची मेमरी दोन्ही बिघडली, आणि तो ती घेऊन या दुकानात आला. सुभाषने कित्येक फोटो परत मिळवले. असे मिळवलेल्या फोटोंची मूळ नावे आणि वेळा राहत नाहीत, फक्त क्रमांक राहतात. त्याच दुपारी पाड्यावरून रायसिंग आणि त्याची बायको एक फोटो छापायला आली होती. तो फोटो सुभाषने केबलने उतरवून घेतला, छापण्यासाठी थोडा कापला आणि कापलेली प्रत समोर उघड्या असलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. ते फोल्डर दिगंबरचे होते.

“मी काय चोर शे का, ताई? गर्दी व्हती. फोल्डर एकच उघडं व्हतं. त्यामा काय गया, माले काय म्हाईत.”

म्हणजे दिगंबरने फोटो चोरला नव्हता. शेकडो फोटोंच्या ढिगात एक परका फोटो आला आणि त्याला तो आपलाच वाटला. मला वेगळे उत्तर चालले असते.

सुभाषचे म्हणणे तपासायचे होते. मी त्याच्या प्रिंटरवर एक कोरी राखाडी पट्टी छापून घेतली. प्रत्येक प्रिंटरच्या रुळाला कुठेतरी बारीक दोष असतो आणि तो ठरावीक अंतरावर कागदावर फिकी रेघ सोडतो. भिंगाखाली ती दिसते. रायसिंगच्या घरच्या प्रतीवर तशीच रेघ, त्याच अंतरावर मिळाली, तर ती प्रत याच यंत्रातून निघाली असे म्हणता येते.

मग सुभाषने जुन्या डिस्कवर शोध घेतला आणि न कापलेली मूळ फाइलही सापडली. त्याने ती पडद्यावर उघडली. मुखपृष्ठावर रायसिंग कमरेपर्यंत दिसतो. येथे तो मांडी घातलेला पूर्ण दिसत होता आणि त्याच्या गुडघ्यांवर एक सावली पडली होती. फोटो काढणाऱ्याची. डोक्यावरून घेतलेली ओढणी, दोन्ही बाजूंना वर उचललेली हातांची कोपरे.

दिगंबर सहा फूट उंच आहे आणि कडक उन्हातही डोक्यावर काही घेत नाही. मला आनंद झाला.

“हे खालून का कापलं?” मी विचारले.

“त्यानी बायकोनीच सांगं,” सुभाष म्हणाला. “सावलीना भाग काढी टाका म्हने. बराबर शे ना, सावलीवरी फोटो खराब दिखस.”

मूळ फाइल आणि कापलेली प्रत, दोन्ही लॅपटॉपवर घेऊन मी म्हसावद सोडले.

धडगावच्या वर

म्हसावदनंतर सपाट जमीन संपते. जीप चढू लागली तशी केळी मागे राहिली आणि साग, मोह, पळस सुरू झाले. एप्रिल हा येथे आमचूरचा महिना. कच्च्या कैऱ्या सोलून त्यांच्या फोडी खडकांवर, पत्र्यांवर, खाटांवर वाळत घातलेल्या होत्या. दुरून डोंगरउतारावर पांढरे कपडे पसरल्यासारखे दिसते. आंबट वास वळणावळणाला जीपमध्ये येत होता.

रायसिंग रस्त्यापर्यंत घ्यायला आला होता. तिशीच्या आतला, बारीक अंगाचा. ऊसतोडीला गुजरातेत जातो, त्यामुळे मराठीत गुजराती आणि हिंदी मिसळते. चालताना त्याने विचारले, दिगंबरभाई आले नाहीत का. तो चिडून विचारतो आहे की आपुलकीने, हे मला ठरवता आले नाही.

घर कुडाचे, अंगण शेणाने सारवलेले. रायसिंगची आई आणि मामा अंगणात कैऱ्या सोलत होते, आणखी पाचसहा शेजारी बसले होते. त्याची बायको रमिला मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली आहे आणि तिचे मराठी माझ्यापेक्षा सावकाश आणि स्वच्छ आहे. मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि कैरीची चटणी आली. आमच्याकडे पाहुणा जेवत असताना यजमान आग्रह करतात. येथे सगळे गप्प बसून पाहुण्याला खाऊ देतात. मला हे जास्त बरे वाटले.

जेवणानंतर भिंतीवरची प्रत उतरवून भिंगाखाली पाहिली. फिकी रेघ होती, अंतरही जुळले. मग मोबाइल. मी पिशवीतून पांढरा पुठ्ठा काढून अंगणात ठेवला आणि मोबाइल मागण्यासाठी वळले. तेवढ्यात शेळीने पुठ्ठ्याचा कोपरा खाल्ला. उरलेल्या भागावर तिचे ओले तोंड उमटले. म्हणून पुठ्ठ्याऐवजी आकाश वापरायचे ठरवले. मी रायसिंगचा मोबाइल वर धरून एकामागून एक कोऱ्या आकाशाचे फोटो काढू लागले.

मामांनी थोडा वेळ पाहिले आणि पावरी बोलीत काहीतरी विचारले. सगळे हसले. रमिलाने मराठीत सांगितले, “मामा विचारतात, नाशिकला आकाश नाही का?”

मी समजावून सांगितले. मोबाइलच्या डोळ्यामागे प्रकाश टिपणारे लाखो कण असतात. सगळे सारखे नसतात. एखादा जरा जास्त उजेड घेतो, एखादा कमी. ही तफावत डोळ्यांना दिसत नाही, पण त्या मोबाइलच्या प्रत्येक फोटोवर ती तशीच उतरते. कोऱ्या आकाशाच्या फोटोंतून ती वेगळी काढता येते आणि मग होळीच्या फोटोवर तीच आहे का, हे ताडून पाहता येते.

“भाकरीवर थापणारीची बोटं उठतात तसं,” रमिला म्हणाली.

तसेच, मी म्हणाले. फक्त ही बोटे मोबाइलची, माणसाची नाहीत.

“मग झालं,” रायसिंग म्हणाला. “फोन माझा. फोटो माझा. अजून काय पाहिजे?”

पडताळणीच्या फॉर्मवर आणखी एक रकाना होता, म्हणून मी विचारले. “फोटो काढला कोणी?”

कैऱ्या सोलणारे हात थांबले. मला कारण कळायला थोडा वेळ लागला. रायसिंग नवस बोलला होता. मुलगी जन्मली तेव्हा जगेल की नाही अशी स्थिती होती. ती जगली तर पाच होळ्या बुध्या होईन, असे तो बोलला होता. तीन झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या. बुध्याला होळीआधी पाळणी असते. तो खाटेवर झोपत नाही, स्वतःचे स्वतः शिजवून खातो, बायकोपासून दूर राहतो. या पाड्यावर बायकोची सावलीही त्याच्यावर पडू देत नाहीत. अलीकडे मोबाइलही पाळणीत आला आहे. तो घरच्या माणसाकडे देऊन टाकायचा असतो. पाळणी मोडली तर नवस पहिल्यापासून धरावा लागतो, आणि त्यानंतर मुलीला साधा ताप आला तरी पाळणी मोडणाऱ्या बायकोकडे बोट दाखवले जाते.

मामांनी चाकू खाली ठेवला आणि या वेळी मराठीत विचारले. “पाळणीत होतास ना? मग फोन कोणाच्या हातात?”

“दगडावर ठेवलेला,” रायसिंग म्हणाला. “आपोआप निघाला.”

मामांनी माझ्याकडे पाहिले. मशीनवाल्या बाईंना खरे काय ते दिसेल, असे ते बोलीत म्हणाले असावेत, कारण सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिले. मी सवयीने लॅपटॉप मांडीवर घेतला. मूळ फाइल उघडीच होती. पडदा अजून माझ्याकडे होता. रमिला मागून आली, तिने एकदा पडद्यावर पाहिले आणि हात पुढे करून झाकण अर्धे मिटले.

“ऊन पडतं, ताई. दिसायचं नाही कोणाला. आत चला.”

आत चुलीजवळ ती उभी राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

“सुभाषभाऊंना कापायला सांगितलं होतं मी.”

कापले होते, पण मूळ फाइल राहिली होती, असे मी सांगितले.

“पाच दिवस त्याला पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “फोन माझ्याकडेच होता. सगळे नदीवर गेले होते. लांबून एकच काढायचा होता. ऊन मागून होतं, ते लक्षात आलं नाही. त्याने मला पाहिलं आणि उठून जायचं सोडून बसून राहिला.”

मी विचारले की मग रायसिंगने कार्यालयात फोन तरी कशाला केला. अंक येईपर्यंत कोणाला काही ठाऊक नव्हते.

“मी नकोच म्हणत होते. पण धडगावच्या बाजारात ते पुस्तक लटकलेलं. मित्र चिडवायला लागले. दिगंबरभाईकडे पाहून एवढा लाजलास का रे, असं. त्याला सहन झालं नाही.” ती थोडी हसली. “जळतो तो. तुम्हाला नाही कळायचं.”

मला कळले, असे मी तिला सांगितले नाही.

“त्यात माझी सावली आहे, ती तुमच्या मशीनला कळते का?”

“मशीनला फोन कळतो,” मी म्हणाले. “सावली माणसाला कळते.”

“मग मशीनलाच विचारा.”

त्या वेळी मला काय दिसत होते तेही नोंदवते. मोबाइल रायसिंगचा ठरला तरी दिगंबरचा दावा पुरता संपत नव्हता. गावात गेला की लोक त्याच्या हातात आपापले मोबाइल देतात आणि आमचा काढा म्हणतात. रायसिंगच्या मोबाइलवर मीच काढला, एवढे तो म्हणू शकत होता. तो हे म्हणू शकणार नाही, असे सांगणारी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या लॅपटॉपमध्ये होती.

अंगणात परत आल्यावर मी मामांना कापलेली प्रत दाखवली आणि सांगितले की यंत्राला फक्त मोबाइल ओळखता येतो. ते खरे होते. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग चाकू उचलून पुढची कैरी घेतली आणि रमिलाला काहीतरी म्हणाले. तिने भाषांतर केले नाही. मी निघताना रायसिंगच्या आईने आमचूरची पुरचुंडी दिली आणि ती दिगंबरच्या घरीही अर्धी पोचवायला सांगितले.

शहादा

उतरल्यावर मोबाइलला रेंज आली आणि मी दिगंबरला फोन केला. कार्डाची, फोल्डरची, रायसिंगच्या मोबाइलची हकिकत सांगितली.

“फोल्डरचं असेल तसं,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ऐक. त्या दिवशी मी चार जणांच्या फोनवर फोटो काढून दिलेत. त्याच्याही असेल. ती नजर मला आठवते.”

“ती नजर तुला आठवते?”

“समोर होतो ना मी. बटण मी दाबलं नाही, हे दाखव. मी उद्या नाव काढून घेतो.”

लॅपटॉप माझ्या शेजारी बाकड्यावर होता. बसस्थानकात धडगावची गाडी लागली होती आणि लोक टोपल्या वर चढवत होते.

“दाखवता येत नाही,” मी म्हणाले.

“माझं नाव निघावं, हेच तुला हवं होतं ना?”

हो, असे मी सांगितले. त्याने आईसाठी आमचूर मिळाला का, असे विचारले आणि फोन ठेवला.

नंतर

प्रयोगशाळेला मी कापलेली प्रत दिली. मूळ फाइल मी पुसली. सुभाषनेही पुसली, असे त्याने कळवले. अहवालात छायाचित्र रायसिंग पावरा यांच्या मोबाइलचे असल्याचे निश्चित झाले. दिगंबरच्या कॅमेऱ्याशी आणि मोबाइलशी ते जुळले नाही. ‘छायाचित्र कोणी काढले’ या रकान्यात ‘या पद्धतीने सांगता येत नाही’ असे लिहिले आहे. आमच्या पुढच्या अंकात तेवढीच दुरुस्ती छापली.

पुरस्कार समितीने ते छायाचित्र यादीतून काढले. पुरस्कार यादीतल्या दुसऱ्या छायाचित्राला दिला. तेही दिगंबरचे होते.

त्यानंतरच्या दोन्ही होळ्यांना रायसिंगने पाळणी धरली. या वर्षी पाचवी होळी झाली आणि नवस फिटला, असे त्याने फोनवर सांगितले. मुलगी बरी आहे. मग रमिलाने फोन घेतला. आता लिहिले तरी चालेल, पण माणसांची नावे बदलून टाका आणि पाड्याचे नाव लिहू नका, असे ती म्हणाली.

नावे बदलली आहेत.